डावी बाजू

बॉडी उचलून ठेवली चार टायरांवर
आणि खाली उरली ती निव्वळ शिडी:
दोन लांब बाह्या, मध्ये आडपट्ट्या,
छप्पन्न वर्षांत पहिल्यांदाच
भवानी पेठेच्या उन्हात उघडी.
मला उगाच मान वळवावीशी वाटली.

करडे मिस्त्री तांबट आळीतले.
वाडवडील बंब ठोकायचे, हे चेसिस ठोकतात.
गंज डोळ्यांनी बघत नाहीत.
लहान हातोडी घेऊन, कान तिरपा करून
वाजवत गेले बंपरपासून डिकीपर्यंत:
टण्, टण्, टण्, भद.
भद म्हणजे गेलं. तिथं पोरानं खडूची फुली मारायची.
भद, भद. खडू संपत आला.
"ताई, स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे असंच.
वरून नवरी, खालून पापड."

भाऊंची गाडी. पिस्ता रंगाची.
बॉनेट उचललं की अख्खं नाकच पुढे पडायचं
आणि मी पुढच्या चाकावर बसून पाने द्यायचे.
"अर्ध्या इंचाचा दे. अर्ध्या म्हटलं ना."
शुक्रवारातल्या आमच्या बोळात ती एका दमात वळायची
आणि भाऊ दर वेळी नव्यानं सांगायचे,
"पंचवीस फुटांत! अँबॅसिडरला मैदान लागतं."
लग्नात, मुंजीत, कुणाच्या दहाव्यालासुद्धा हे वाक्य ठरलेलं
आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं:
"एक ओरखडा नाही गाडीला. एक."

मग डावीकडे, मागच्या दाराखाली
हातोडी वेगळी वाजली.
टण् नाही, भद नाही. जाड, मिटलेला आवाज.
करड्यांनी पुन्हा वाजवलं. तारेच्या ब्रशनं घासलं.
निघाली एक पट्टी, वीतभर,
कडेनं जुन्या वेल्डिंगचे मणी
एकसारखे, घाई न केलेले.
"ही ठोकलेली गाडी आहे, ताई. डावीकडून. जोरात.
कुणीतरी ओढून सरळ केलीय. हात चांगला होता त्याचा.
गॅसचं काम आहे. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर असेल."

चौऱ्याहत्तर. त्या साली पेट्रोल महागलं
म्हणून गाडी आठ महिने ताडपत्रीखाली होती,
असं आम्हाला सांगितलं होतं.
त्याच साली चंपूआत्या जिन्यावरून पडली,
असंही सांगितलं होतं.
आमचा जिना सात पायऱ्यांचा.
डाव्या पायाला जन्माचं लंगडणं देण्याइतका
तो उंच नव्हता,
हे मोजायचं कुणाला सुचलंच नाही.
गाडीत आत्या नेहमी उजवीकडे बसायची.
"तिकडे ऊन लागतं गं," म्हणायची.
संध्याकाळीसुद्धा.

आईला फोन केला. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत.
कात्रज की खंबाटकी, आणि कुठून येत होता,
एवढंच विचारलं.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
"मिस्त्री किती म्हणतोय?"
"पस्तीस हजार. नुसत्या चेसिसचे."
"मग घासाघीस कर."
आणि थोड्या वेळानं,
"चंपूनंच सांगितलं होतं, दादाला कुणी बोल लावायचा नाही."
मग दुसरी शिट्टी.

आडपट्ट्या चार नव्या. जुन्या बाजारात मिळाल्या नाहीत,
करड्यांनी पत्रा वाकवून घडवल्या.
मागची एक बाही अर्धी कापली.
जुनी पट्टी काढू का, त्यांनी विचारलं,
ग्राइंडर हातात, चष्मा कपाळावर.
"तिला तशी काही झालेलं नाही. सडलं ते आजूबाजूचं."
राहू दे, म्हटलं.
काळा रंग मारताना पोरगा तिच्यावरून दोनदा फिरला.
तरी मणी बोटाला लागतात.

गेल्या आठवड्यात घरी आणली.
स्वारगेटच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, कितीला देता.
बोळात वळली एका दमात.
स्टिअरिंग जरा सैल सोडलं
की डावीकडे जाते मात्र. किंचित.
करडे म्हणाले, अलाइनमेंट आहे, बुधवारी या, काढून देतो.

बुधवार गेला.
मी अजून गेलेली नाही.