तीन बोटांचा डोळा

बापाच्या जाळ्याचा डोळा तीन बोटांचा होता.
त्यातून सुटेल तो मासा नदीचा,
अडकेल तो आपला.
कुंडदऱ्यातल्या भोयांचा एवढाच हिशोब,
आणि तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता.

दुभती तेव्हा बालाघाटातून दगड मोजत उतरायची.
डोहात मरळ, कपारीला वाम,
तळाच्या वाळूत शिंगाळा
मिशा हलवत बसलेला, निवाड्याला बसल्यासारखा.

मग खाली बांध पडला.
पिकअपमधून फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या,
पिशव्यांत बोटुकली.
साहेब म्हणाले, रोहू आहे, कटला आहे,
वर्षात किलोचा होतो.
चिलापीचं नाव कुणीच घेतलं नाही.
ती अशीच आली, न बोलावता जेवायला आलेल्यासारखी,
आणि पंगत उठली तरी बसून राहिली.

बापानं जाळं पुन्हा विणलं. दोन बोटं.
तो गेल्यावर मी विणलं.
एक.

वरच्या अंगाला सुरमलचं रान.
पारधी तो. बैलाच्या शेपटीच्या केसांचे फासे
असे मांडायचा की गवतालाही कळू नये.
ओंजळ तोंडाशी धरून तितराची हाक द्यायचा,
समोरून उत्तर यायचं, चिडलेलं,
माझ्या हद्दीत कोण शिरलं म्हणून.
आता माळावर पवनचक्क्या आहेत,
चक्क्यांसाठी डोंगर कापून केलेला रस्ता आहे,
रस्त्याच्या दोन्ही कडांनी वेडी बाभूळ.
कुसळी गवत कुठं गेलं ते शेळ्यांनाही ठाऊक नाही.
चौतीस नंबरच्या पंख्याखाली सुरमल राखणदार आहे:
खाकी शर्ट, शिट्टी, महिन्याला साडेआठ हजार,
जे दोन महिन्यांनी येतात.
सशापायी ज्यांनी त्याला एकदा जीपमध्ये घातलं होतं
ते आता जाता-येता हात करतात.

परवा म्हणाला, तितरं हायेत.
बाभळीच्या आत. हाक दिली की बोलत्यात.
"पर आत हात जात न्हाई गड्या.
काट्यानं राखलंय त्येंला. माझ्यापासनं."
आणि हसला. खूप वेळ हसत राहिला.

मलाही शिवी देता येत नाही.
फाट्यावरच्या ढाब्याला रोज बारा किलो चिलापी लागते,
उभे चिरे देऊन, लाल मसाल्यात.
त्याच पैशावर माझी रेवती लातूरला नर्सिंग शिकते.
एकदा जाळ्यातून सोडवताना एकीनं तोंड उघडलं
आणि तळहातावर तिची पिलं सांडली,
मोहरीएवढी, नुसते डोळेच डोळे.
तोंडात धरून हिंडत होती त्यांना, स्वतः उपाशी.
मी हात पाण्यात बुडवला.
कुणाच्या बाजूनं, ते अजून सांगता येत नाही.

या भादव्यात मोठं पाणी येऊन गेलं.
दुसऱ्या दिवशी एका बोटाच्या डोळ्यात
एक वेगळाच जीव अडकलेला.
करंगळीएवढा. काळपट पाठ, तोंडाला मिशा.
बापाच्या जाळ्यातून तो
शीळ घालत निघून गेला असता.
ढाबेवाला म्हणाला, टाकून दे.
रेवतीनं फोटो मागवला, मोबाईलला विचारलं,
मोबाईलनं तीन नावं सांगितली, तिन्ही समुद्रातली.

तांब्यात घालून नेला धुरपदा आत्याकडं.
मोतीबिंदूनं तिला आता नुसता उजेड कळतो.
तिनं तांब्यात बोटं बुडवली,
मिशी चाचपली, पाठीवरचा काटा चाचपला.
ओठ हलले. नाव आलं असावं तिथवर,
बाहेर काही आलं नाही.
मग तांब्या माझ्याकडं सरकवत म्हणाली,
"केवढ्याला घेतलास रं?"