उजवी बाजू

लासाच्या तापानं जाताजाता ब्रिमाचा डावा कान नेला,
माझे केस नेले, मूठमूठ.
केनेमाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वस्तात सुटलात.

आता भाताच्या पातेल्यावर झाकण,
झाकणावर दगड.
रात्री छपरात उंदीर खुडबुडला
की मी एकटीच उठून बसते.
मेल्याला ऐकूच येत नाही, सुखात घोरतो.

सोळा वर्षं त्याच्या डावीकडे निजले.
काल त्याला ओलांडून पलीकडे गेले,
तर भिंत परकी,
अंधारही उलटा घातल्यासारखा.

"जेनेबा, काही म्हणालीस?"
नाही रे.

कसाव्याची पानं कुटायला अजून हातांत जोर नाही.
शेजारीण वाडगा ठेवून जाते
उंबऱ्याबाहेर,
आणि परत मागत नाही.

तेवढं मात्र
डाव्या कानात सांगितलं.