शिवणातली माया

पहिल्या वर्षी नुसती हाडं.
कात्रजच्या बसमध्ये दांडा धरलेल्या कोणाच्याही
मनगटातली आठ हाडं मी पुटपुटत मोजायचे,
बालाजीनगर येईस्तोवर सातच व्हायची.

दुसऱ्या वर्षी अंतर.
दुप्पट लांब जा, किरण पाव उरतो.
नीरेहून आई विचारायची,
त्या मशीनपासून लांब असतेस ना गं?
अगं, लांब कसं राहायचं
हेच तर शिकवतात, फी घेऊन.

तिसऱ्या वर्षी तळघर,
माणूसभर जाडीच्या भिंती,
छातीवर बिल्ला, मोजायला की मला किती लागलं,
आणि दत्तोबा पोरे, वय एकसष्ट, भवानी पेठ,
लेडीज अँड जेंट्स. गळा.

गरम पाण्यातून जाळीची शीट काढली, निथळली.
जोगळेकर सर म्हणाले, ओढ, भिऊ नकोस.
त्यांच्या चेहऱ्यावर ती ओढली,
हनुवटीखाली अंगठे दाबून उभी राहिले
गार होऊन घट्ट होईपर्यंत.
इतका वेळ मी कुणाचाच चेहरा धरला नव्हता.
जाळीतून डोळा उघडला,
माझ्या हाताकडे बघत होता,
गिऱ्हाईक बघतं तसा नाही,
कारागीर बघतो तसा.

मुखवट्यावर पांढरी टेप, टेपवर पेनाने अधिकची खूण.
लेझरच्या रेघा तिच्यावर आणून थांबवायच्या.
खडू नाही का वापरत? दत्तोबा घोगरे हसले.

एकदा पडद्यापाशी थांबले.
ही आतली लाल रेघ म्हणजे दुखणं, कळलं.
बाहेरची कशाला?
मी म्हटलं, तुम्ही गिळता, श्वास घेता,
आमचाही हात इकडेतिकडे होतो,
म्हणून पाच मिलिमीटर जास्तीचे.
मार्जिन.
हां, म्हणाले. माया.
आम्ही शिवणात ठेवतो ती.
वहीत मी तेवढंच लिहिलं,
व्याख्येशेजारी, पेन्सिलने.

सगळे बाहेर. दार सरकतं, दिवा लाल होतो.
आत एकटा माणूस, चेहरा पाटाला जखडलेला,
बाहेर काचेच्या पडद्यावर आम्ही चौघं
त्याच्या बोटांकडे बघत.
बोट वर आलं तर थांबवायचं.
दत्तोबांचं बोट मांडीवर टाके घालत असायचं.

त्याच महिन्यात सव्वानऊचं एक नाव
सोमवारी यादीत नव्हतं.
साडेनऊची बाई सव्वानऊला आली.
त्या नावाचा मुखवटा फळीवर दोन दिवस होता,
मग जागा लागली.

चौथ्या आठवड्यात दत्तोबांचा आवाज गेला.
पाच किलो उतरले, गालाशी जाळी सैल,
दोन बोटं सहज जात होती.
सर म्हणाले, नवा स्कॅन, सगळं पहिल्यापासून.
मला वाटलं, चिडतील.
त्यांनी तारखांच्या कार्डामागे लिहिलं,
उसवा. परत बेता.

तेहेतिसाव्या दिवशी मुखवटा पिशवीत घातला
आणि बोटाने माझ्या पांढऱ्या कोटाचा खांदा दाखवला.
कोट काढून दे, अशी खूण.
मी म्हटलं, राहू द्या, परीक्षेपुरता तर घालायचाय.
हात पुढेच.

गुरुवारी त्यांचा मुलगा देऊन गेला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
खांदा बसला होता.
तोंडी परीक्षेच्या सकाळी, बाहेर बाकावर,
नाव पुकारायला अजून तिघं होती तेव्हा
अस्तर उलटून पाहिलं.

बगलेपासून कमरेपर्यंत, दोन्हीकडे,
जुन्या दोऱ्याची भोकं दिसत होती,
आणि त्यांच्या आत, दुमडून, इस्त्री मारून,
सोडलेलं चांगलं इंचभर कापड.