वास

पोकलेनच्या टाकीत काय ओतायचं
त्यावर सही माझी.
ठरवायचे हरबाजी नैताम, नाकानं.

तळहातावर चार थेंब,
हात चोळायचे, नाकाशी न्यायचे,
डोळे मिटायचे, फोडणी बसली का बघावं तसं.
"घासलेट हाय यात," म्हणायचे.
किंवा काहीच न म्हणता झाकण लावायचे.
मुकुटबनच्या पल्याड आमचा क्रशर
एवढ्यावर चालायचा:
दोन पोकलेन, एक लोडर,
आणि ढेकर देणारा जनरेटर.

मागच्या साली त्यांना ताप आला.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
कोणाला बोलले नाहीत.
मला कळलं, डब्यातली आंबलेली वांग्याची भाजी
त्यांनी बोटं चाटून खाल्ली तेव्हा.

त्यानंतरच मला शिकवायला लागले.
ड्रम उभा ठेवू नको, डोक्यावर दव साचते.
आडवा टाक, जरा तिरपा.
थंडीच्या रात्री अर्धा ड्रम श्वास घेते,
हवेबरोबर पाणीबी ओढते.
नमुना तळातून काढ, पाणी जड रायते, तळाशी लपते.
बाटली काचेची, लेबल खरवडलेली.
उन्हात धरली की
पल्याडच्या वावरातली तूर दिसली पायजे,
फुलासकट.
आणि घनता लिहिशीन तं बाजूले तापमान लिही,
पुसातलं आठशे तीस
अन् वैशाखातलं आठशे तीस एक नसते, पोरी.

घनता मोजायची काचेची दांडी
दिवाळीच्या साफसफाईत फुटली.
नवीन मागवली आहे, असं मुनीम सावरबांधे
तेव्हापासून सांगतात.

टँकर आला रात्री साडेनऊला.
नंबरप्लेटवर चिखल,
पाऊस जाऊन दोन महिने झालेले.
लिटरमागे अकरा रुपये कमी.
"डिझेल म्हंजे डिझेल," सावरबांधे म्हणाले,
"मशीनले का जीभ असते गा?"
"जीभ नसते. इंजेक्टर असते.
केसापरीस बारीक भोकं हायेत त्याले.
जुनी मशीन म्हस होती, गढूळबी पेयाची.
हे नवं पेत नाई. बसून जाते."

मग हरबाजींनी चार थेंब घेतले.
हात चोळले, नाकाशी नेले, डोळे मिटले.
ऑपरेटर, हेल्पर, टँकरचा पोरगा,
सगळे त्यांच्या तोंडाकडे.
जनरेटर तेवढा बोलत होता.
त्यांनी डोळे उघडले
आणि दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले.
"सांग."

मी वाकले.
तंबाखू आला, चुना आला, ग्रीस,
त्याखाली डिझेल,
त्याच्याही खाली काहीतरी हलकं, कोरडं,
आईच्या चुलीजवळच्या चिमणीसारखं.
"नको," म्हणाले मी.
आवाज माझाच होता, मला उशिरा ओळखू आला.

टँकर गेला.
सकाळी बाटली उन्हात धरली:
आरपार तूर. तळाशी थेंब नाही.
सावरबांधे हसले, मोठ्यानं.
हरबाजी म्हणाले, पाणी खाली बसते साहेब,
घासलेट मिसळून जाते, ते कसं दिसन?
पण हळू म्हणाले.
वणीहून गाडी येईस्तोवर
दुपारचे दोन वाजले.
पोकलेन हात जमिनीला टेकवून उभी,
बाया पळसाखाली बसून,
त्यांची अर्धी हजेरी कापली.
त्यातली सुगंधा मला म्हणाली,
"वासापायी?"
तिला काय सांगणार होते.

खरं काय होतं त्या टँकरात,
अजून माहीत नाही.
रजिस्टरमध्ये लिहिलं: परत पाठवले.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द.
खाली माझी सही,
आणि हरबाजींनी पेन मागून घेतला,
पहिल्यांदाच,
माझ्या सहीच्या बाजूला
सावकाश आपलं नाव काढलं.

रात्री साबणानं तीनदा हात धुतले.
भाकरी मोडताना
बोटांना अजून येत होता.