न वरची लाट

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटाच्या पलीकडे,
आम्ही पंपाचे इंपेलर ओततो, व्हॉल्व्ह ओततो,
ट्रॅक्टरची लहानसहान हाडं.
माणसं ओतली ती एकदाच.

चौघंजण : एक चुलता, दोन भाऊ, एक पुतण्या.
स्पेनमधल्या कुठल्या डोंगरी गावचे
(कणकुंबीएवढं असणार, मी मनात धरलं)
तिथून उठून समुद्रापल्याडचे मुलूख सांभाळायला गेलेले.
आडनाव अल्दावेरा.
भावकाण्णा पहिल्या दिवसापासून अलदावरे म्हणायचा,
जणू अनगोळात मागच्या गल्लीला राहतात.

ऑर्डरीबरोबर एक कागद आला होता.
थोरला म्हणे ‘इंडियां’चा मंत्री.
मालक म्हणाले, तो इंडिया वेगळा, अमेरिकेतला,
चुकून नाव पडलं ते पडलं.
म्हणजे जन्मभर ज्याच्या दप्तरात इंडिया
त्यानं इंडिया बघितलाच नाही,
आणि अडीचशे वर्षांनी त्याचं मुंडकं
आमच्या शेडमध्ये, सिमेंटच्या पोत्यावर,
एक डोळा मेणानं बुजलेला.

त्यांनी कुणावर राज्य केलं ते कागदात नव्हतं.
नद्यांची नावं होती, किल्ल्यांची, जकातीची.
माणसांची नावं चारच.

धातू कमी पडला तेव्हा भंगार घातलं.
हे मालकांनाही माहीत नाही :
मधल्या भावाच्या डाव्या पोटरीत
खानापूरच्या पाणी योजनेचा एक रिजेक्ट व्हॉल्व्ह आहे,
आणि पुतण्याच्या टोपीत
कुणाच्या तरी परसातले सहा नळ.
ओतताना सगळं सारखंच लाल दिसतं.
थंड झाल्यावर ज्याचा तो हुद्दा.

मग पाटी.
पाटीवरची अक्षरं मेणात रत्नव्वा मुचंडी करायची.
तिला वाचता येत नाही, ना कन्नड ना मराठी,
म्हणून तिचा हात कुठल्याच अक्षराला भीत नाही.
आमच्या दारावरच्या बोर्डाचं तसं नाही.
त्यावर तीन लिप्या आहेत,
वर कुठली नि खाली कुठली
यावरून दोनदा रात्री डांबर पडलंय,
दोनदा मीच रॉकेलनं पुसलंय.

एका N च्या डोक्यावर तिला मेणाचा ओघळ दिसला.
वाकडा, आळीसारखा.
तिनं तो सुरीनं साफ केला.
सफाईदार काम, बोट फिरवलं तर लागायचं नाही.
फोटो गेला. दुसऱ्या दिवशी तिकडून फोनवर फोन.
मालक आधी गंभीर, मग कानापर्यंत लाल,
मग खुर्चीत बसून पोट धरून.
त्या शब्दाचा अर्थ साल, वर्ष.
वरची लाट काढली की तेच वर्ष
माणसाच्या बसायच्या जागेच्या मधोमध येतं.
चार मोठ्या माणसांच्या पायाशी, ब्राँझमध्ये, कायमचं.

रत्नव्वा हसली नाही.
म्हणाली, एवढ्याशा रेघेला एवढं?
मग बोर्डाकडे बघितलं, आणि गप्प झाली.
लाट तिनं परत बसवली, तीनदा मोडून चौथ्यांदा.

चोर्ला घाटातून ट्रक गेला, मुरगाव बंदराकडे.
खोक्यात उसाचं पाचट भरलं होतं,
त्यात चौघे उताणे, नाकं वर,
मजगावच्या लग्नातून रात्री उशिरा परतणाऱ्या वऱ्हाडासारखे.
भावकाण्णानं थोरल्याच्या कपाळावरची धूळ
आपल्या टॉवेलनं पुसली. का, कुणास ठाऊक.
जाताना खोकं ठोकणाऱ्याला म्हणाला, हळू गा.

त्या महिन्याच्या पगाराला
रत्नव्वानं रजिस्टरवर अंगठा उठवला
आणि पेन मागून घेऊन
अंगठ्याच्या वर एक लहानशी लाट काढली.
हे काय मध्येच, कारकुनानं विचारलं.
इरली, ती म्हणाली,
न्हाईतर सालाचं भलतंच हुतंय.