चाडं

लेकीनं बेंगळूरहून ग्राइंडर पाठवला.
ओट्यावर ठेवला तर वरचं बियांचं नरसाळं
मसाल्याच्या फळीला चार बोटं जास्त.
फळी हलवायला वसुंधरा तयार नाही.
तिच्या सतरा डब्यांच्या जागा
तिला लाइट गेल्यावरही पाठ.

शिवाय त्यात मावतात अर्धा किलो बिया.
आम्ही दोघं, दिवसाला चार कप.
वर उरलेल्या बिया आठवड्यात तेलकट होतात,
मग वास जातो,
जसा रविवारचा पेपर गुरुवारी.

म्हणून उद्यमबाग.
इराण्णा बडिगेरचं लेथ, पत्र्याचं छप्पर,
दारात लोखंडाच्या कुरळ्या किसाचा ढीग.
मी मार्करनं खूण करूनच नेली होती,
बुडाशी, जिथं नरसाळं अरुंद आहे.
कमी कापावं लागेल, एवढाच माझा हिशोब.

इराण्णानं उलटून पाहिलं.
"चाडं हाय की हे," म्हणाला,
"आमच्या कुरीला होतं तसलं. लाकडाचं."
मग बुडाची खुंटी दाखवली,
करंगळीच्या नखाएवढी.
नरसाळं बसलं की ती आतलं बटण दाबते,
उचललं की मोटर मुकी.
माझी खूण बरोबर तिच्यावरून गेलेली.

पोरगा म्हणाला, परशराम नाव त्याचं,
"काका, बटणाला एक वायर मारतो की.
मग चाडं असू दे नसू दे,
फिरतंय."
"बेड," इराण्णा म्हणाला.
एवढंच.
आणि उजवा हात टेबलावर ठेवला,
पंचाच्या शेजारी, गेजच्या शेजारी,
जसं एखादं हत्यार ठेवावं.
तर्जनी दोन पेरांची. मधलं बोट
सुरू व्हायच्या आधीच संपलेलं.
परशरामनं वायर खिशात घातली.
लेथ चालू नव्हतं, तरी मला
काहीतरी थांबल्यासारखं वाटलं.

वरून कापलं त्यानं.
बारीक दातांचं पातं, हळू,
प्लास्टिक तापून तडकू नये म्हणून.
कडेची बर काढली, पाण्याच्या कागदानं
ओलं घासत राहिला, मग अर्धं बोट
काठावरून फिरवलं, पूर्ण एक फेरी.
ते बोट मध्येच एका जागी अडलं.
पुन्हा घासलं.
चिकटवायचं काही नाही, रंग नाही, म्हणाला,
तोंडात जाणारी वस्तू हाय.

आता तोंड झालं रुंद, झाकण बसेना.
उघडं ठेवलं तर बिया टपाटप उडतात,
लाह्यांसारख्या.
वसुंधरानं फळीच्या मागून स्टीलचं झाकण काढलं.
डबा नणंदेच्या लग्नात गेला तो गेलाच,
झाकण एकवीस वर्षं
कशाचंच नव्हतं.
असं बसलं म्हणता!

बिल कन्नडात. आकडा कळला, एकशे ऐंशी,
खाली दोन ओळी होत्या त्या नाही.
माझं कन्नड दुकानांच्या पाट्यांपुरतं,
त्याही रंगावरून ओळखतो.
शेजारच्या शिल्पा हुक्केरीनं वाचून दाखवलं:
पहिली मूठ दळून टाकून द्या, पिऊ नका.
आणि, मोदलु प्लग तेगीरी.
आधी प्लग काढा.

मी हसलो. पंचेचाळीस वर्षं
पोस्टात शिक्के मारलेला माणूस,
मला हे सांगायला हवं?

तिसऱ्या दिवशी चक्कीत बी अडकलं.
मोटर नुसती घुमतेय. चाडं उचललं,
घुमणं थांबलं, आणि माझं बोट
आत निघालं होतं, अगदी सहज,
सुपारीच्या डब्यात जावं तसं.

थांबलं कशामुळे, सांगता येत नाही.
प्लग काढला. बी टूथब्रशच्या दांड्यानं.
वसुंधरा मागून म्हणाली, झालं का?
झालंच, म्हटलं.

पुडी घेऊन उद्यमबागेत गेलो.
इराण्णानं थर्मासमधल्या पाण्यात ती ढवळली,
गाळ बसायची वाट पाहिली,
आणि कप दोन्ही तळव्यांत धरला,
कानाला हात न लावता.
"कडू झाली," म्हणाला.
दुसरा कप मागितला.