भाकरीभर वेळ

मी हुसेन तडवी.
मेंदूच्या आलेखाचं यंत्र एकतीस वर्षं चालवलं
सावद्याला, केळीच्या वखारीमागच्या दोन खोल्यांत.
नेहेते बाई डॉक्टर, मी शाई भरणारा.

मे महिन्यात पेनांची शाई टोकाशीच वाळायची,
पोरांच्या डोक्याला लावलेली पेस्ट
कानामागून मानेत उतरायची.
वीज गेली की कागद थांबायचा.
फीट काही वीज बघून येत नसे.

बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: किती वेळ चालली?
नजर कुणाची, बाहेरचं काय, कांदा फोडला की चप्पल हुंगवली,
सगळं ऐकून घ्यायच्या, लिहायच्या नाहीत.
पेन उचललेलंच: पण किती वेळ?

यावलच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या वस्त्यांवर
एक्क्याण्णव साली घड्याळ कुणाकडे?
एक म्हणाली, हंडा भरेस्तोवर.
एकीच्या नवऱ्याची बिडी अर्धी झाली होती.
तिसरी म्हणाली,
एक भाकर थापी, शेकी, उतारी, तवय तो उठना.

दुसऱ्या दिवशी बाई स्टॉपवॉच घेऊन
तिच्याच चुलीशी उकिडव्या बसल्या.
कळण्याची भाकर. सात घरं, सात तवे.
बाईंच्या डोळ्यांतून पाणी, धुराचं.
मी आकडे मांडत होतो.
सरासरी एकशे दहा सेकंद.
पावसाळ्यात, ओल्या काट्यांवर, एकशे चाळीस.

मग वस्तीवस्तीवर हेच सांगणं:
पोराला कुशीवर करा, तोंडात काही कोंबू नका,
पहिली भाकर होईस्तोवर थांबा.
दुसरी तव्यावर पडली आणि अंग अजून झटके देतंय,
तर निघा. बैलगाडी, ट्रॅक्टर, केळीचा ट्रक, काहीही.

निबंध परत आला.
परीक्षकानं समासात विचारलं होतं: हे एकक कुठलं?
बाई हसल्या, तक्ता जोडला, पुन्हा धाडला.
छापून आला तेव्हा भाकर तळटीपेत होती.

वाया गेलेल्या आलेखाच्या भिंगऱ्या मी करायचो.
तापीकाठच्या कोळ्यांची मथुरा, आठ वर्षांची,
वर्गात मधेच दगड होते म्हणून
गुरुजी कान पिळायचे.
फुंक, म्हटलं. अजून फुंक.
भिंगरी फिरत होती, फिरत होती,
मग हळू झाली.
डोळे उघडे, आत कुणी नाही,
आणि कागदावर डोंगरांची रांग लागली,
सेकंदाला तीन.
अकरा सेकंद.
मग ती परत आली आणि फुंकायला लागली
जणू मधे काही झालंच नव्हतं.
मुद्दाम नाही करत मी, म्हणाली, कुणी विचारलं नसताना.
बाईंनी ती पट्टी फाडून गुरुजींना पाठवली,
मागे एक ओळ: हिच्या कानाला हात लावू नये.

वहीत एक रकाना होता, पहिली फीट ते पहिली गोळी.
मुलगे नऊ महिने.
मुली चार वर्षं.
सोयरीक मोडेल म्हणून झाकून ठेवलेल्या.
बाईंनी त्यावर भाषण केलं नाही,
चारखाली दोनदा रेघ ओढली, कागद फाटेस्तोवर.

आणि ती एक आई.
किती वेळ, विचारलं तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
टोपलं भरी गयं बाई, तरी ती थांबनी नई.
मी हिशेब करायला बोटं उचलली.
बाईंनी माझा हात खाली दाबला.
दोनशे चौदा नावांत ती एकच चौकट कोरी आहे.

बाई निवृत्त झाल्या. यंत्र भंगारात गेलं,
नव्याला शाई लागत नाही.
घरी जैतुन भाकर थापते
तेव्हा माझे ओठ अजून हलतात.
काय पुटपुटता, विचारते.
एकशे सात. एकशे आठ.
भाकर फुगते, कड सुटते,
उतार, म्हणतो,
झाली ना, उतार लवकर.